वडाळ्याच्या नकाशातलं खाजण

नकाशावर बोट ठेवून बोलणाऱ्या माणसांचा मला हल्ली राग येतो. त्यातला पहिला मीच. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत मी फोर्टातल्या एका कचेरीत ट्रेसर होतो. म्हणजे दिवसभर सरकारी नकाशे पारदर्शक कापडावर शाईनं गिरवायचे आणि संध्याकाळी ठाकूरद्वारच्या वाडीत येऊन अक्कल पाजळायची. वाडीच्या तोंडाशी मुंबईसकट महाराष्ट्राचा भलामोठा नकाशा लावला होता, तो मी काढलेला. मोर्च्याला निघालेली पोरं त्याच्यासमोर थांबून घोषणा द्यायची. मी बाजूला उभा राहून बघायचो, हा काढला कोणी असं कोणी विचारतंय का.

कचेरीत मला आणखी एक खूळ लागलं होतं. जुने आणि नवे नकाशे शेजारी मांडून मुंबईतली गावं कुठे गेली ते शोधायचं. नकाशात शेताला पिवळा रंग, तळ्याला निळा. परळला जुन्या नकाशात पिवळं दिसायचं, नव्यात त्याच जागी गिरणीची काळी चौकट. मी वह्या भरल्या. वाडीच्या वाचनालयात दोन व्याख्यानंही झोडली. आम्ही इथले मूळचे, असं सांगताना छाती फुगायची. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी मातीला हात लावला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

मातीला हात लावणारा एकच माणूस आमच्या ओळखीचा होता. वडाळ्याकडून टोपली घेऊन येणारा ख्रिस्ती म्हातारा. माठ, चवळी, मुळा आणि दिवाळीनंतर स्वतःच्या शेतातले नवे तांदूळ. आई त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून आम्हीही भाऊच. तेही मुंबईचे मूळचे, आमच्याहून जास्तच. पण व्याख्यानाला त्यांना बोलवावं असं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एका सकाळी भाऊंनी टोपली उतरवली आणि कमरेचा कागद काढून माझ्या हातात दिला. नोटीस होती. मिठागरांच्या अलीकडे त्यांचं भाताचं शेत होतं. शहर सुधारायला निघालेले साहेब म्हणत होते, ही जागा मुळात खाजण, भरतीचं पाणी शिरणारा नुसता चिखल. तुम्ही अलीकडे भर घालून ती बळकावली. शेत जुनं ठरलं तर बदल्यात दुसरी जागा. बळकावलेलं ठरलं तर चालते व्हा.

"बांध माझ्या बापसानं घातला," भाऊ म्हणाले. "प्लेगच्या सालात. लोक मुंबई सोडून पळत होते, तेव्हा तो चिखलात उभा राहून माती टाकत होता. मला नेहमी सांगायचा. तुझ्या कचेरीत जुने नकाशे असतात ना रे? त्यात असंल."

"असणारच," मी म्हणालो. "नकाशा खोटं बोलत नाही, भाऊ."

रविवारी मी जागा बघायला गेलो. बूट हातात धरून बांधावरून चाललो. भात पोटरीत आलं होतं, लोंबी फुटायच्या बेतात. बांधावर चिंचेचं झाड होतं, दोघांनी कव घातली तरी पुरणार नाही एवढं. खारं पाणी अडवायची लाकडी झडप होती, तिचा खालचा भाग झिजून अर्धा झालेला. भाऊंच्या बायकोनं, म्हणजे मावशीनं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. मी पोटभर खाल्लं आणि म्हणालो, नकाशात बघून सांगतो.

सोमवारी दोन नकाशे काढले. एक प्लेगच्या आधीचा, दुसरा प्लेगनंतर बऱ्याच वर्षांनी छापलेला. पहिल्यात खाजण होतं, ते ठीकच. पण दुसऱ्यातही खाजण! निळ्या तुटक रेघा, पिवळ्याचा ठिपकासुद्धा नाही. मी भिंग लावून तीनदा बघितलं. मग काय, माझ्यातला विद्वान जागा झाला.

"भाऊ, शेत एवढं जुनं नाही," मी त्यांना आमच्या ओटीवर बसवून सांगितलं. "वडिलांनी सांगितलं ते... म्हातारपणी होतं असं. माणसं जोडून सांगतात."

भाऊंनी विचारलं, "बापूस खोटं बोलला?"

"खोटं नव्हे हो. पण नकाशात नाही."

मी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? साहेबांनी नकाशा मागितलाच नव्हता. पण मला खरेपणाची खाज! दोन्ही नकाशांची नक्कल केली, खाली चार ओळी खरडल्या, झोकात सही ठोकली आणि भाऊंना म्हणालो, सुनावणीत हेच दाखवा, सरळपणानं गेलात तर साहेब विचार करेल. डोंबलाचा विचार! भाऊंनी स्वतःच्या हातानं नेलेला कागद त्यांच्याच विरुद्ध मोठ्यानं वाचला गेला. उभं पीक तेवढं कापू दिलं. मग नवराबायको परळला मुलीच्या खोलीत राहायला गेली. आई दोनदा म्हणाली, भाऊ बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत. मी म्हटलं, जे झालं ते नियमाप्रमाणे झालं.

आणि सुनावणी झाली त्याच संध्याकाळी मी मोर्च्यात होतो. मुंबई आमची म्हणून घसा फोडत होतो. आज आठवलं की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दोनेक वर्षं गेली. महाराष्ट्र होणार हे नक्की झालं होतं, वाडीत कंदिलांची तयारी चालली होती. कचेरीत नवीन छपाईसाठी एक नकाशा माझ्याकडे आला. हेड ड्राफ्ट्समन म्हणाले, "दोन नवे रस्ते घाल, रेल्वेची नवी लाइन घाल आणि वरचं साल बदल."

मी विचारलं, "आणि शेतं?"

"शेतं आहेत तशी राहू देत. ती बघायला जातोय कोण उन्हातान्हात? मोजणी कधीची ते खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. एवढी वर्षं नोकरी करून नव्हतं! आम्हा ट्रेसर लोकांची रीत अशी, की शेजारशेजारचे नकाशे कडेला कड लावून बसावेत म्हणून खालची पांढरी पट्टी मागे दुमडून फळीला पिना मारायच्या. पहिल्या दिवशी शिकवलं तसं मी रोज दुमडत आलो. आपण काय दुमडतोय ते एकदाही वाचलं नव्हतं.

जेवायच्या सुट्टीत कपाटातून वडाळ्याचा तो दुसरा नकाशा काढला आणि पट्टी उलगडली. छपाई प्लेगनंतरची. पण जमिनीची मोजणी प्लेगच्या आधीची, पहिल्या नकाशाचीच. वर फक्त रेल्वे, रस्ते, गिरण्या नव्या चढवलेल्या. म्हणजे भाऊंच्या वडिलांनी बांध घातल्यानंतर कोणी मोजणीदार त्या बाजूला फिरकलाच नव्हता. नकाशानं सगळं सरळ लिहून ठेवलं होतं. बांधावरच्या चिंचेनंही सांगितलं होतं. मी दोघांकडे पाठ फिरवली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून परळला गेलो. खोलीत भाऊ आणि मावशी दोघंच होती. मी जमिनीवर नकाशा पसरला, खालच्या ओळी वाचून दाखवल्या आणि म्हणालो, "भाऊ, तुमचे वडील खरं बोलत होते. चूक माझी. आपण पुन्हा अर्ज करू, मी स्वतः येतो साहेबाकडे."

"कसला अर्ज?" मावशी म्हणाली. "बांध फोडला त्यांनी. वर भर घालून रस्ता केला. मी बघून आले." आणि ती पदर डोळ्यांना लावून भिंतीकडे तोंड करून बसली.

मला वाटलं, आता भाऊ शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नकाशाची ती पट्टी हातानं सारखी केली. वाचता येत नव्हतं त्यांना.

"मेलेल्यांच्या दिवशी आम्ही कबरीवर मेणबत्त्या लावतो, तुला ठाऊक आहे ना?" ते म्हणाले. "बापूस गेला तेव्हापासून एक साल चुकवलं नव्हतं मी. तू बोललास त्याच्यानंतर गेलो नाही. ही बोलली, जा. मी बोललो, खोटारड्याला कसली मेणबत्ती? शिकलेला पोरगा खोटं कशाला बोलंल? दोन सालं आजूबाजूच्या सगळ्या कबरी उजळल्या. त्याची तेवढी काळोखात राहिली."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं.

"आज तू येऊन सांगतोस, तो खरा होता. मग आता तूच सांग पोरा, मी कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्यापुढं?"