दादाच्या कार्डाचा कोपरा

राग आला की कुणी भांडी आपटतं, कुणी जेवण सोडतं. मी शिक्के कोरले. एकाच वर्षी कोरले, कारण त्यानंतर बायकोनं ब्लेड काढून घेतलं ते फक्त दाढीपुरतं परत दिलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात सक्करदऱ्याला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही तिघं राहत होतो: माय, मी आणि बायको. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर एक शिक्का, गेलेल्या कागदावर दुसरा, मधल्या वेळात चहा. मोठा भाऊ, माझा दादा, साहेब झाला होता आणि धरमपेठेत राहायला गेला होता. धरमपेठ काही विलायतेत नाही, सायकलनं जाता येतं. पण उन्हाळ्यापासून तो इकडे फिरकला नव्हता आणि आम्ही तिकडे.

उन्हाळ्यात त्याच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. माय सकाळीच जाऊन बसली होती. दादाच्या मोठ्या साहेबांची बायको शेजारी येऊन बसली तशी माय रंगात आली. ‘‘हा ना बाई, पाचवीत गेला तरी गोधडी ओली करे. रोज सकाळी मी वाळू घालो आन् हा गल्लीतल्या पोरायले सांगे का धाकट्यानं केली म्हून.’’ धाकटा म्हणजे मी. साहेबीणबाई खळखळून हसल्या. दादा मात्र चुन्यासारखा पांढरा झाला. त्यानं मायला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि म्हणाला, ‘‘आई, तू इथंच बैस. पाहुण्यांसमोर कमी बोल. आणि बोललीस तर नीट बोल.’’

जन्मभर ‘माय’ म्हणणारा दादा त्या दिवशी ‘आई’ म्हणाला. माय त्या खोलीत संध्याकाळपर्यंत एक शब्द न बोलता बसली. जेवली नाही. मला कळलं तेव्हा मी पंगतीतून उठलो आणि साहेब, साहेबीण, भटजी, सगळ्यांच्या देखत ओरडलो, ‘‘आता माय मेली तरी तुम्हाले पोस्टाचं कार्डच येईन, समजलं?’’

वाक्य झकास जमलं होतं. परत येताना सायकलवर मी ते स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं.

त्या दिवाळीला दादाचं भेटकार्ड आलं. जाड गुळगुळीत कागद, सोनेरी कडा, आत छापील शुभेच्छा आणि खाली छापील नाव, ‘सहकुटुंब सहपरिवार’. सहीसुद्धा नव्हती. पोटच्या पोरानं मायला छापखान्याकरवी दिवाळी कळवली होती. मायनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि लोणच्याच्या बरणीखाली ठेवून दिलं. ‘‘चांगलं जाड हाये,’’ म्हणाली, ‘‘तेल खाली उतरत नाही.’’

माझं डोकं फिरलं ते तिथं. म्हटलं, संक्रांतीला याला दाखवतो हातानं केलेलं कार्ड कसं असतं.

दुकानातला जाड कागद परवडणारा नव्हता, म्हणून पोस्टाची साधी कार्डं आणली. त्यांच्यावर शिक्के मारून तिळगुळाची भेटकार्डं करायची आणि नात्यागोत्यात सगळ्यांना टाकायची, असा बेत. हवाई चपलेच्या तळाचा रबर कापला. तो स्पंजासारखा, शाई पितो आणि परत देत नाही, अगदी आमच्या कचेरीतल्या वरिष्ठांसारखा. मग मोठाली खोडरबरं आणली, दाढीच्या पात्याचे दोन तुकडे केले आणि कोरायला बसलो. पहिल्या दिवशी खोडरबरापेक्षा अंगठा जास्त कोरला गेला. पतंगाचा शिक्का केला. बायको म्हणाली, ‘‘समोसा छान आला.’’ संक्रांतीचं सुगडं केलं. ती म्हणाली, ‘‘हे दवाखान्यातलं भांडं कशाला?’’ तिळांसाठी मात्र मी डोकं लढवलं. पेन्सिलीच्या टोकाचं रबर निमुळतं कापून घेतलं आणि काळ्या शाईत बुडवून टिपके मारले. एरवी शुभकार्यात काळं कोण वापरेल? पण संक्रांतीला काळं चालतं, काळी चंद्रकळासुद्धा नेसतात. तेव्हा काळे तीळ, जांभळा पतंग आणि खाली ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असा लांबलचक शिक्का. तो कोरायला मला आठवडा लागला आणि शेजाऱ्यांना तो वाचायला जवळजवळ तेवढाच.

शाईत मी ग्लिसरीन घातलं होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात शिक्क्याची गादी पापडासारखी वाळते, तेव्हा कचेरीत आम्ही दोन थेंब टाकत असू. पण हा जानेवारी आहे, एवढं ध्यानात घेईल तो मी कसला. शाई वाळायला तयारच नव्हती. खाटेवर धुतलेली चादर अंथरून सगळी कार्डं उन्हात मांडली. शेजारी माय सुपात तीळ पाखडत होती. कार्डं आणि तीळ, दोन्हींवरून ती कावळे हाकलत होती.

‘‘दादाले टाकून राहिला ना?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘काहून?’’

‘‘त्याले छापखाना आहे. त्याले माह्या समोशाची काय गरज?’’

‘‘मी सांगतो थे लिव आन् टाक. तुह्या मनानं कोमा बी नको टाकू.’’ मायला लिहिता येत नसलं तरी स्वल्पविराम हे नसती लुडबुड करण्याचं चिन्ह आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं सांगितलं ते असं: ‘‘तुह्या घरी मी चूप बसली. संक्रातीले माह्या घरी येजो. तू चूप बसजो, मी बोलतो. माय.’’

मजकूर मला बेहद्द आवडला. पण दादाला चांगलं कार्ड द्यायला हात धजेना. उरलेलं एक खराब कार्ड होतं. त्याच्या कोपऱ्यात माझा जांभळा अंगठा उमटला होता, पतंग फिसकटला होता. त्यावर नुसते काळे तीळ मारले. ‘गोड बोला’चा शिक्का हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हटलं, याच्याशी कसलं गोड बोलायचं! एका बाजूला बारीक अक्षरात मायचा मजकूर, दुसऱ्या बाजूला त्याचा पत्ता आणि कडेला आमचा. उरला तो अंगठ्याचा डाग. तो तेवढा कात्रीनं तिरपा उडवला. कोपरा कापलेलं कार्ड मला अगदी आधुनिक वाटलं.

जुने वाचक इथं दचकले असतील. मी दचकलो नाही. कोपरा नसलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असायचं. असं कार्ड घरात घेत नाहीत. दाराबाहेरच बघायचं, फाडायचं आणि अंघोळीला पाणी काढायला सांगायचं. मलाही हे माहीत होतं. पण रागात असलेल्या माणसाला माहीत असलेलं काही आठवत नाही, आणि त्यात तो कलावंत झाला असला तर विचारूच नका.

त्यानंतरचा शनिवार. कचेरी अर्धा दिवस होती, मी घरी येऊन पानावर बसलो होतो. दारात स्कूटर आली आणि आडवी पडल्याचा आवाज झाला. बाहेर जाऊन पाहतो तर दादा. अंगात बनियन, पायात चप्पल नाही, डोळे लाल.

‘‘तुले लाज नाही वाटली बे?’’ तो गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडला. ‘‘असं कार्ड टाकतं कोनी?’’

मला वाटलं, फिसकटलेल्या पतंगाबद्दल बोलतोय. माझाही राग उन्हाळ्यापासून मुरत होता. म्हटलं, ‘‘तुमच्या लायकीचं होतं तेच टाकलं.’’

त्यानं फाडकन माझ्या कानाखाली वाजवली. तोंडात घास होता, तो अंगणात पडला.

‘‘साऱ्या नात्याले बलावलं असशीन! मीच तेवढा परका?’’

‘‘साऱ्यायले चांगली कार्डं गेली. खराब तेवढं तुम्हाले.’’

‘‘बोलला होता तसंच केलं तू. पोस्टाचं कार्ड! मले तोंड बी पाहू देल्लं नाही तिचं!’’

मग मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. एका गावात मयताची बातमी पोस्टानं कोण कळवतो? कुणीच नाही. पण मी कळवीन असं मीच भर पंगतीत जाहीर केलं होतं, आणि त्यानं ते जपून ठेवलं होतं. मी मायला जाळून, राख सावडून, मग सवडीनं त्याला कार्ड टाकलं, हे त्याला सहज खरं वाटलं. त्याचा मला असा संताप आला की खरं काय ते सांगायलासुद्धा तोंड उघडेना. इतका नीच वाटलो मी याला?

तेवढ्यात आतून आवाज आला, ‘‘कोन वं थो बोंबलून राहिला दारात?’’

दादा मटकन पायरीवर बसला. माय सूप घेऊन बाहेर आली. त्याच्याकडे, माझ्या गालाकडे, आडव्या स्कूटरकडे तिनं पाहिलं.

‘‘कोन मेलं?’’

‘‘तू,’’ दादा म्हणाला.

‘‘मी? मले तं कोनी सांगतलं नाही.’’

दादा रडायला लागला आणि रडता रडता शिव्या द्यायला लागला. मला, पोस्टाला, मला, आणि पुन्हा मला. ‘‘याले कापून टाकतो, माय! सून तुही तिकडं बेसुद पडून राहिली. मी फाटकातच कार्ड फाडलं आन् निंगालो. माह्या जिवाचं काय झालं असंन, काही हाये का याले?’’ त्याच्या तोंडून इतकी आमची भाषा मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. एव्हाना अर्धी गल्ली गोळा झाली होती.

‘‘हळू बोल,’’ माय म्हणाली. ‘‘आन् नीट बोल. पाहुने आयकतीन.’’

दादानं गोळा झालेल्या गल्लीकडे पाहिलं आणि बनियनला डोळे पुसले.

‘‘कार्ड वाचलं का?’’ मायनं विचारलं.

‘‘वाचाचं काय त्याच्यात? तुह्या घरचा पत्ता पाह्यला, कोपरा पाह्यला...’’ खरं होतं. आमच्या घरात जाण्याच्या वयाचं माणूस एकच होतं, नाव वाचायची गरज काय?

‘‘मंग आयक. तुह्या घरी मी चूप बसली. संक्रातीले माह्या घरी येजो. तू चूप बसजो, मी बोलतो. असं लिवलं होतं.’’

‘‘आलो ना मी, माय. आता आलोच आहो तं बोल.’’

‘‘आता तू मेलेल्या मायसाठी आला. माह्यासाठी नाही आला.’’ तिनं सूप काखेत धरलं. ‘‘मेली असती तं अनवानी धावत येते. जिती हाये तं सायकलभर अंतर जास्त होते याले! घरी जाय. बायकोले पानी पाज. यायचं असंन तं संक्रातीले ये.’’

आणि ती आत गेली. पाखडण्याचा आवाज सुरू झाला, नेहमीपेक्षा जोरात. दादानं स्कूटर उभी केली. वळलेला आरसा सरळ करत बराच वेळ तिथंच रेंगाळला, मग निघून गेला.

मी मायवर चिडलो. ‘‘आलेल्याले हाकललं काहून?’’

‘‘तू बोलू नोको, कोपरेकाप्या! जित्या मायचं मयत धाडलं तुनं. त्यानं एकच मारली, मी असती तं चार देल्ल्या असत्या.’’

संक्रांतीपर्यंत मायनं त्याचं नाव काढलं नाही. तीळ मात्र तिघांना पुरून उरतील त्याच्या दुप्पट भाजले. येणार नाही, असं मी बायकोला ठासून सांगत होतो. खरं सांगायचं तर येऊ नये असंच मला वाटत होतं. गालाची आग गेली होती, पण आपल्या भावाला आपण इतके हलकट वाटतो, ती आग काही जात नव्हती. तो आला नाही तर माझा राग जन्मभर बिनघोर नांदणार होता.

संक्रांतीला दुपारी आभाळ पतंगांनी भरलेलं, गच्चीगच्चीवरून ‘ओ काट’चा गदारोळ. दादा आला. सायकलवर आला, पुढं दांडीवर पिशवी नाही, मागं वहिनी नाही. काही न बोलता मायच्या समोर जमिनीवर बसला.

मायनं सुरुवात केली. वास्तुशांतीच्या दिवशी आतल्या खोलीत तिला कायकाय ऐकू आलं, कोण हसलं, कढीला कुणी मीठ घातलं नव्हतं, आणि तरी ती बाहेर येऊन सांगू शकली नाही. लोणच्याच्या बरणीखालून तेलकट सोनेरी कार्ड काढून तिनं त्याच्या पुढ्यात टाकलं. ‘‘हे कोनं पाठवलं? छापखान्यावाल्यानं का? त्याची माय हाये का मी?’’ दादानं तोंड उघडलं. ‘‘चूप,’’ माय म्हणाली. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा उघडलं. ‘‘चूप म्हनलं ना!’’ मग तिनं गोधडीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, वाळू घालण्यासकट. मी हसलो, तर वळून म्हणाली, ‘‘तुही बी सांगतो, थांब.’’

मध्येच तिनं आमच्या दोघांच्या हातावर एकेक लाडू ठेवला. दादानं स्वतःचा जमिनीवर आपटून फोडला आणि अर्धा माझ्यापुढं धरला. ‘गोड बोला’ तो म्हणाला नाही. मीही म्हणालो नाही. मी त्याच्याकडे न बघता तो घेतला आणि तोंडात टाकला. मायचा गुळाचा पाक कधी चुकत नसे. त्या वर्षी मात्र लाडू असे कडक झाले होते की दाढेखाली धरून बसण्यावाचून इलाज नव्हता. दादाचा गाल फुगलेला, माझा फुगलेला, दोघंही रागानं एकमेकांकडे बघत होतो, आणि माय बोलत होती.