दप्तरासकट

गनीचाचा खोटं बोलायचा. आमच्या शाळेत त्याच्याइतकं चांगलं खोटं कोणालाच बोलता यायचं नाही. मला तर अजिबात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अब्दुल गनी, शिपाई. चिखली-धाड रस्त्यावरच्या आमच्या शाळेत चोवीस वर्षं. घंटा द्यायचा, पाणी भरायचा आणि सूचना वही घेऊन वर्गावर्गात फिरायचा. मास्तरनं सूचना वाचायची, सही ठोकायची, की हा पुढच्या दारात. चौदा वर्ग फिरायला त्याला पाऊण तास लागायचा, कारण प्रत्येक दारात दोन गप्पा मारल्याशिवाय गड्याचा पाय निघत नसे.

पण त्याचं खरं काम वहीत नव्हतं. आमची पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून यायची. घरी कोणी मेलं की गावाहून माणूस मोटरसायकलवर यायचा आणि फाटकाशी गनीचाचाला सांगायचा. इकडची रीत अशी, की पोराला घरी पोचेपर्यंत कळू द्यायचं नाही. काय कळायचं ते आईच्या कुशीत कळावं. मग गनीचाचा हसत वर्गाच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "सर, अमक्याले दप्तरासकट सोडा." दप्तरासकट म्हटलं की आम्ही मास्तर काय ते समजायचो. दप्तर तो स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. पोराचा हात मात्र धरायचा नाही. हात धरला की पोराला शंका येते म्हणे. खिशातली लिमलेटची गोळी द्यायची आणि फाटकापर्यंत थापा मारत न्यायचं. मावशी आली, गाय व्याली, काकानं मोबाइल आणला.

एकदा मी विचारलं, "चाचा, पाप नाही लागत?"

"लागू द्या ना, सर," तो म्हणाला. "पोट्ट्याले शंभर पावलं अजून बाप राह्यते."

फवारणीच्या दिवसांत त्याच्या या फेऱ्या वाढायच्या. बीटी कपाशी आली तेव्हा बियाणेवाले गाडीवर भोंगा लावून सांगून गेले होते, की आता फवारायची कटकट गेली. कशाची गेली बाप्पा! काही वर्षांत गुलाबी अळी बोंडात घर करून बसली आणि माणसं पाठीवर पंप घेऊन डोक्याइतक्या कपाशीत शिरली. तोंडाला रुमाल, पायात काही नाही. संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी यायची, उलट्या व्हायच्या. काही उठायची, काही उठायची नाहीत.

त्याच सुमारास आमच्या संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव पुण्याला कुठल्याशा शाळेत गेले आणि तिथले डिजिटल फलक पाहून आले. झालं! चौदा वर्गांत चौदा पडदे, व्हरांड्याच्या खांबांवर सहा. ऑफिसात बसून टाइप करायचं, बटण दाबायचं, टिंग वाजली की सूचना शाळाभर एकदम. कॉम्प्युटर येतो म्हणून ते खातं माझ्याकडं आलं आणि मी असा हुरळलो की विचारू नका. एक नियमही मीच काढला. टिंग वाजली की प्रत्येक वर्गानं सूचना एका सुरात, मोठ्यानं वाचायची. वाचन सुधारतं आणि कोणाची सूचना चुकत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. सूचना वही कपाटात गेली आणि गनीचाचा स्टुलावर बसू लागला.

ऑक्टोबरातली गोष्ट. सातवीतल्या रेणुकाचा बाप शेषराव फवारणी करताना शेतात पडला होता. तीन दिवस बुलढाण्याला दवाखान्यात होता. चौथ्या दिवशी सकाळी अकराला फाटकाशी मोटरसायकल थांबली. गनीचाचा ऑफिसात आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेषराव गेला, सर."

तेवढ्यात माझा फोन वाजला. उत्तमराव. त्यांना माझ्याआधीच कळलं होतं. शेषराव शाळेच्या समितीवर होता, गावात त्याची भावकी मोठी, मतंही तेवढीच. "मास्तर, पडद्यावर श्रद्धांजली टाका. पोरं हात जोडून उभी, असा फोटो मले आत्ताच्या आत्ता ग्रुपवर पाह्यजे. दुसऱ्या पार्टीचं काही लागायच्या आधी."

गनीचाचानं ते ऐकलं. "सर, दहा मिनटं थांबा. पोरगी फाटकाबाहेर जाऊ द्या. मंग लावा काय लावाचं ते."

"हो चाचा, जा तुम्ही," मी म्हणालो. त्याला शब्द दिला मी. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आज सांगतोय.

श्रद्धांजलीचा नमुना माझ्याकडे तयारच होता. वर उत्तमरावांचा हात जोडलेला मोठा फोटो, खाली मयताचा लहान. शेषरावचा फेटा बांधलेला लग्नातला फोटो कोणीतरी पाठवला, तो चिकटवला. पाच मिनिटं झाली. पुन्हा फोन. "काय मास्तर, झोपले का? तुमच्याच्यानं होत नसन तं दुसरा पाहतो." मी खिडकीतून पाहिलं. गनीचाचा आणि रेणुका व्हरांड्याच्या मध्यावर होते. दप्तर त्याच्या खांद्यावर, गोळी तिच्या गालात. आता पोचतीलच, असं मी मनाला म्हटलं आणि बटण दाबलं. मेल्या, दहा मिनिटं तुला थांबता आलं नाही?

टिंग.

रेणुका सवयीनं थांबली. गनीचाचा झपकन जवळच्या खांबापुढे हात पसरून उभा राहिला. पण पुढच्या खांबावरही तेच होतं, त्याच्या पुढच्याही. आणि पडदे झाकून उपयोग काय? चौदा वर्गांतून चारशे पोरं घसा ताणून, माझ्या नियमाप्रमाणे, एका सुरात वाचू लागली. "कैलासवासी शेषराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली!" पाचवीची बारकी मागे पडली होती. त्यांच्या तोंडून तिच्या बापाचं नाव पुन्हा एकदा आलं.

गनीचाचानं तिचे कान झाकले. तिनं त्याचे हात झटकले.

"तुम्ही तं म्हणले मामानं बैलजोडी आणली," ती म्हणाली. "पांढरी आणली म्हणले!"

मग तिनं तोंडातली गोळी त्याच्या अंगावर थुंकली आणि एकटीच फाटकाकडे पळाली. दप्तर त्याच्या खांद्यावरच राहिलं. मी साडेअकराच्या आत फोटो पाठवला. उत्तमरावांनी अंगठा पाठवला.

दुपारी चाचा ऑफिसात आला. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. तो एवढंच म्हणाला, "दहाच मिनटं मागतले होते, सर." आणि पाण्याची टाकी भरायला गेला.

त्यानंतर सगळं फिरलं, पण माझ्यावर नाही, त्याच्यावर. दप्तरासकट म्हणजे काय, ते पोरांना आता पक्कं ठाऊक झालं होतं. चाचा नुसता खडूचा डबा घेऊन दारात आला तरी बारकी पोट्टी रडायला लागायची. एका आईनं तक्रार केली, की हा माणूस अपशकुनी आहे. मुख्याध्यापकांनी त्याला कायमचा फाटकावर बसवला. वर्गांत यायचं नाही. रेणुका रोज त्याच्यासमोरून यायची, जायची, एकदाही त्याच्याकडे पाहायची नाही. बटण कोणी दाबलं, हे तिला कोणी सांगितलं नाही. मला ती नमस्कार करायची.

दीड वर्षानं चाचा रिटायर झाला. पुढच्या जानेवारीत तो अंथरुणाला खिळल्याचं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. एका सकाळी त्याचा पोरगा अकील फाटकाशी आला. भिंतीला धरून उभा होता. "अब्बा गेले, सर. सफाले..." त्यानं वर्गांकडे बोट केलं.

सफा, चाचाची नात, नववीत. रेणुकाच्याच वर्गात, तिच्या पुढच्या बाकावर. उत्तमरावांचा फोन यायच्या आत या वेळी मी पहिलं काम केलं, शाळेतले सगळे वीस पडदे बंद केले. बटणालाही हात लावायचा नाही, ठरवलं. चाचानं केलं असतं तसं करायचं. खिशात गोळी नव्हती. चेहरा हसरा करून नववीच्या दारात उभा राहिलो.

"सफा, दप्तर घेऊन ये बेटा. तुझे अब्बा आलेत. आत्याकडे जायचंय म्हणे."

सफा उठली. मागून रेणुकाचा आवाज आला.

"सर, टीव्ही काऊन बंद केली?"

"लाइट गेली," मी म्हणालो. माझ्या डोक्यावर ट्यूबलाइट जळत होती.

रेणुकानं ट्यूबलाइटकडे पाहिलं, काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज न चढवता म्हणाली, "सफा, सर खोटं बोलून राह्यले. तुहे आजोबा मेले."

सफा दप्तराचा बंद हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. मी नाही म्हणावं, म्हणून. फाटक तिथून शंभर पावलांवर होतं, आणि मला एकही थाप सुचली नाही.