बापूची नळी आणि रफीकचा रस्सा

आजारी माणसाकडून हसत परत येतो म्हणून आमच्या घरी मला बोलणी बसतात. पण बापूकडे जाऊन आलं की एखादा किस्सा सोबत येतोच, त्याला मी काय करू? बापूला मोटर न्यूरॉनचा आजार झालाय. मेंदूकडून स्नायूंना निरोपच पोचत नाहीत. हात, पाय, जीभ, गिळणं, सगळं एकेक करून संपावर जातं. डोकं, कान, नाक, डोळे मात्र ठणठणीत. आणि बापू म्हणजे गूळ बाजारात सौदे पुकारणारा, अख्ख्या पेठेतला सगळ्यात मोठा आवाज!

*

तो आवाज गेला तेव्हा भेटायला येणारे बापूच्या कानाशी ओरडायचे. वहिनींनी, म्हणजे बापूच्या बायकोनं, एकाला शेवटी सांगितलं, "पावणं, त्यांची जीभ गेलीया, कान न्हाईत."

पाहुणे तेवढ्याच मोठ्यानं ओरडले, "आसं व्हय!"

*

या आजारात काहींना नको तिथं हसू फुटतं आणि आवरत नाही. हे आम्हाला कळलं ते शेजारचे अण्णा वारले तेव्हा. बापूला चाकाच्या खुर्चीवरून भेटायला नेलं. सगळे गंभीर, आणि बापू खो खो! त्याला सावरायला रफीक गेला. हा लग्नाच्या पंगतींचं मटण करणारा आमचा आचारी दोस्त. तोही हसला, मग मीही. आता मार बसतो असं वाटलं.

अण्णांचा थोरला डोळे पुसत म्हणाला, "आमचं अण्णा असतं तर त्येनी बी हेच केलं असतं."

*

वहिनींनी अक्षरांचा तक्ता केला. आपण बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की बापू डोळे मिटतो; डोळे मिटले म्हणजे 'हो'. पण आम्हाला दम कुठला? 'ग' आला की रफीक सुरू. गरम होतंय? गादी टोचती? मी म्हणायचो, गोळी पाहिजे असेल. बऱ्याच वेळानं बापूचं बोलणं पुरं झालं.

"गप बसा."

*

पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातात, म्हणून पाण्यातसुद्धा घट्ट करायची पावडर घालावी लागते. रफीकनं ती तांबड्या रश्श्यात घातली. चमचा उभा राहिला.

बापूनं तक्त्यावर सांगितलं, "भिताडाला लाव."

*

पुढं तेही गिळेना. ठसके लागायचे, वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, पोटात नळी बसवा, वेळ घालवू नका. बापू नाही म्हणाला. तोंडाला चव नाही तर जगायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. वहिनी आत जाऊन रडल्या. मला फार वाईट वाटलं. रफीक मात्र भडकला.

"जल्मभर माझ्या रश्श्याला नावं ठेवलीस. तू गेल्यावर मला कोण सांगणार रं, बिघडलाय म्हणून?"

बापूनं त्याच्याकडे बघितलं. मग त्यानं डोळे मिटले.

*

नळी बसली. बापू घरी आल्यावर पहिल्याच रविवारी रफीकनं त्याच्या अंगणात पातेलं चढवलं. बापूचं डॉक्टरांनी ठरवून दिलेलं जेवण नळीतून चाललं होतं, आम्ही समोर बसून भुरके मारत होतो. मी म्हणालो, रस्सा झकास. वहिनींनीही मान डोलावली. रफीक फुशारला आणि वाफाळती वाटी बापूच्या नाकापुढं धरून उभा राहिला.

बापूनं वास घेतला. एकदा रफीककडे, एकदा आमच्या तोंडांकडे बघितलं. मग नजर तक्त्याकडे वळवली. वहिनी बोट फिरवू लागल्या. या वेळी मधे कुणीच बोललं नाही.

"मीठ कमी."

रफीकनं वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला, आणि मिठाचा डबा आणायला आत गेला.