निकालाच्या दिवशीचं भांडण

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही. कोराडीच्या कॉलनीत माझा आवाज पलीकडच्या बिल्डिंगपर्यंत जातो, आणि मुलगा माझ्यावरच गेलेला. आम्ही भांडायला लागलो की नवरा मुकाट्यानं उठून खिडक्या लावायचा.

मग मैदानावरच्या मारामारीत एक पोरगा मेला आणि पोलिसांनी आमच्या सतरा वर्षांच्या मुलाचं नाव घेतलं. जामिनावर घरी आला तो वेगळाच. शहाणा, मऊ, पाहुण्यासारखा. वाढलं ते खायचा. दोडके त्याला लहानपणापासून डोळ्यांसमोर नकोत. मी मुद्दाम तेच पुन्हा पुन्हा करून बघितले. "छान झाले, आई," म्हणाला! मला रडूच आलं. मी तरी कुठे रागावत होते? ओला टॉवेल पलंगावर दिसला तरी गुपचूप उचलायची. ओरडले तर त्याला वाटेल, आईलाही ते खरं वाटतं. शेजारणीला आधी वाटलं, आमचा आरडाओरडा थांबला, सुंठीवाचून खोकला गेला. पण शेवटी तिलाही राहवेना. "काहून वं, घसा बसला का?"

निकालाच्या दिवशी बाल न्याय मंडळानं मान्य केलं, की मारणारा दुसराच होता. आमचा पोरगा भांडण सोडवायला धावला होता. निर्दोष! बाहेर पायऱ्यांवर नवरा लहान मुलासारखा हसत सुटला. मला तर त्या रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आवडायला लागला. पेढे मात्र वाटले नाहीत. गेलेला पोरगाही कोणाचा तरी होता. घरी येऊन फ्रिजमध्ये होते ते दोडके फोडणीला टाकले.

मुलानं ताट पाहिलं आणि सरकवलं.

"आजही दोडकेच? मले नाही खायचे!"

"इतके दिवस तं मुकाट्यानं खाऊन राहिला होता!"

"भेवानं खाऊन राहिलो होतो! मी चिडलो असतो तं तुमाले वाटलं असतं, यानंच मारलं असन!"

एकाच भीतीनं आम्ही दोघं गप्प होतो, आणि वरून मी त्याला दोडके चारत होते. मग साठलेला सगळा राग उसळून वर आला. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

"नालायका, आईले वाटलं असतं? आईले? जा, उपाशी झोप! आन् तो ओला टॉवेल कोण उचलन, वकील?"

"नाही उचलत, जाय!" तो ओरडला. ओरडता ओरडता डोळे पुसत होता आणि हसतही होता.

नवरा उठला. सवयीनं खिडक्यांकडे गेला, आणि एकेक करून सगळ्या सताड उघडल्या.