रुमालाआडचं इंग्रजी

सरांनी माझा कान धरला तेव्हा मी हसत होतो.

सगळा वर्ग हसत होता, म्हणून मीही हसत होतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला ही खोड लागते. लोक हसले की हसायचं, गप्प झाले की गप्प बसायचं. सरांनी कान पिरगाळून मला बाकावरून उठवलं, तसंच दारापर्यंत नेलं आणि बाहेर ढकललं. मी व्हरांड्यात उभा. कान लालबुंद. आत पोरं बाकं बडवत होती, एवढं खिडकीतून दिसत होतं.

माझं काय चुकलं तेच कळेना. सांगलीतलं कॉलेज, माझं पहिलं वर्ष, पहिलाच आठवडा. इंग्रजीचा तास. मी लवकर जाऊन सगळ्यात पुढच्या बाकावर बसलो होतो. पुढची बाकं रिकामी होती आणि तिथून सरांचं तोंड नीट दिसणार होतं. मला माणसाचे ओठ दिसले तरच तो काय बोलतोय ते कळतं. नाहीतर माझ्या लेखी सगळा वर्ग मुका.

तास सुटल्यावर बाळू आला. बाळू उंब्रजचा, बागायतदाराचा पोरगा. नाव घालायच्या रांगेत ओळख झालेली. अख्ख्या कॉलेजात मी तोंड उघडून बोलायचो तो एकट्या बाळूशी. त्यानं मला भिंतीकडं नेलं, समोर उभा राहिला आणि सावकाश बोलला, "गड्या, ती बाकं पोरींची हायती."

मग उलगडा झाला. कॉलेजात पोरी आधी येऊन वर्गात बसत नाहीत. त्या त्यांच्या खोलीत थांबतात आणि सर आले की सरांच्या मागोमाग रांगेनं आत येतात. पुढची बाकं त्यांच्यासाठी मोकळी सोडलेली असतात. आमच्या माधवनगरच्या वस्तीत हे कोण सांगणार? घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला.

"सर काय म्हणालं?" मी विचारलं.

बाळू सांगेना. "जाऊ दे की," म्हणाला.

"सांग की लेका!"

"म्हणालं, 'शिकायला आलायस का सोयरीक जमवायला?' तर तू दात काढलंस. मग म्हणालं, 'बघा, कसा निर्लज्जासारखा हसतोय.'"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शिवी दिली तेव्हा कळली नाही आणि कळली तेव्हा उत्तर द्यायला समोर कुणी नाही. माझा अपमानसुद्धा मला दुसऱ्याकडून ऐकावा लागत होता.

माझे कान मुदतीच्या तापात गेले. तेव्हा आम्ही माण तालुक्यात, गावाकडं होतो. मी चौथीत. आबा, म्हणजे माझे वडील, माधवनगरला मिलमध्ये माग चालवायचे. मिरजेला दवाखान्यात दाखवायचं म्हणून आई मला घेऊन आली. डॉक्टरनं बघितलं, मान हलवली. आम्ही परत गेलोच नाही, आबांच्या खोलीवरच राहिलो.

तिथं मी वाचलो. मिलमध्ये मागांचा असला खडखडाट असतो की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठांवरच बोलतात. चहा मागवायचा तर ओठांवर, शिवी हासडायची तर ओठांवर. आबांनी मला समोर बसवलं आणि मिलमध्ये बोलतात तसं माझ्याशी बोलायला लागले. हळूहळू मला सगळं समजायला लागलं. आबांचे दोस्तही तसेच बोलायचे, रस्त्यापलीकडं दिसले तरी लांबूनच ओठांनी चिडवायचे. त्या वस्तीत मी बहिरा आहे हे मीच विसरून जायचो.

शाळेत इंग्रजी आलं पाचवीला. म्हणजे कान गेल्यावर. इंग्रजीचा एक शब्दसुद्धा मी जन्मात ऐकलेला नाही. पुस्तकात बघून शिकलो. मॅट्रिकला त्यात पास झालो, तेव्हा आबांनी मिलच्या दारात पेढे वाटले. म्हणायचे, "मागावर यिऊ नगंस. कापसाची धूळ छातीत बसती. तू बी.ए. हो." मलाही तेच पाहिजे होतं. बी.ए. व्हायचं. दुसरं काही मागितलंच नव्हतं मी.

बाळूला बरोबर घेऊन मी सरांकडं गेलो. बाळू माझ्यावतीनं बोलला. मुलींच्या मागं तिसरी ओळ पोरांची. त्या ओळीत ह्याला बसू द्या, ह्याला ओठ दिसायला लागतात. त्या ओळीत सांगलीतल्या डॉक्टर-वकिलांची पोरं बसायची. इंग्रजी फाडफाड बोलायची. सर त्यांच्याशी बोलताना हसायचे, त्यांच्या वडलांची चौकशी करायचे.

सर म्हणाले, "त्यांना उठवून याला बसवू? आणि बहिऱ्याला इंग्रजी कशाला पाहिजे? कुणाशी बोलणार आहे हा?"

हे मात्र मला बाळूनं सांगावं लागलं नाही. सर माझ्याकडं बघूनच बोलत होते. मी वळलो आणि मागं जाऊन बसलो. काय करणार? शेवटच्या बाकावरून सरांचं तोंड सुपारीएवढं दिसायचं. त्यात अर्धा तास ते फळ्याकडं तोंड करून बोलायचे. मी शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवून घ्यायचो. तो चुकला की मी चुकलो.

दिवाळीनंतर कॉलेजनं जादा इंग्रजीचा वर्ग काढला. खेड्यातून आलेल्या, इंग्रजी कच्चं असलेल्या पोरांसाठी. या वर्गाला हजर राहायचं, तिथं सर पास करतील, तरच वार्षिक परीक्षेला बसू देणार. नाहीतर वर्ष गेलं. माझं नाव त्यात होतं आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. लहान खोली. थोडी पोरं. पोरी नाहीत, वकिलांची पोरं नाहीत. आता कोण मला पुढं बसू नको म्हणणार? मी पहिल्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी बाळू.

सर आले, मागून शिपाई एक पेटी घेऊन आला. टेपरेकॉर्डर. टेबलावर ठेवला, बटण दाबलं. दोन रिळं गरगर फिरायला लागली. सर खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

मी रिळांकडं बघत बसलो. पोरांची तोंडं एकदम उघडायची, एकदम मिटायची. पेटीतला साहेब इंग्रजी बोलत होता आणि पोरं त्याच्यामागं म्हणत होती. साहेबाला ओठ नव्हते. अरे, सर वाईट शिकवत असते तरी चाललं असतं, पण निदान त्यांना तोंड होतं! मीही तोंड उघडायला, मिटायला लागलो. आवाज न काढता. रोज तेच. मिलच्या पोराला ओठ हलवता येतात, पण कशासाठी हलवतोय ते ठाऊक नको? घरी आबा विचारायचे, "इंग्रजी कसं चाललंय?" मी म्हणायचो, "बरं चाललंय." आणि मोरीत जाऊन रडायचो.

एके दिवशी संस्थेचे अध्यक्ष वर्ग बघायला आले. बरोबर पुण्याचे कोणी पाहुणे. सरांनी वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं, पेटी सुरू केली. पोरं बोलायला लागली. मी तोंड हलवायला लागलो. अध्यक्ष फिरत फिरत माझ्यापुढं आले आणि थांबले. वाकून कान माझ्या तोंडाजवळ आणला. मग सरांना म्हणाले, "याचा आवाजच येत नाही."

सरांचा चेहरा पडला. त्यांनी पेटी बंद केली. म्हणाले, "हा बहिरा आहे म्हणतो, साहेब. सोयीनं बहिरा. आत्ता दाखवतो."

मला उभं केलं. खिशातून पांढरा रुमाल काढला आणि तोंडावर धरला. रुमाल हलत होता. काहीतरी बोलत होते. मी उभाच. बाकी पोरं माझ्याकडं बघत होती. मग त्यांनी रुमाल काढला आणि पुटपुटल्यासारखे ओठ हलवले, "बस खाली."

मी बसलो.

"बघा! एवढं हळू बोललो तरी ऐकू येतं की नाही?" सर म्हणाले.

हसले सगळे. अध्यक्ष, पाहुणे, पोरंसुद्धा. आमचीच पोरं, शेताडातली, जी माझ्यासारखीच मागच्या बाकावरची होती. अध्यक्ष माझ्या समोरच उभे होते. त्यांचे ओठ मला लख्ख दिसत होते. "ढोंगी आहे. नाव काढून टाका याचं."

या वेळी मी हसलो नाही. वर्ष गेलं, बी.ए. गेलं, आबांचे पेढे गेले, हे सगळं एका झटक्यात कळलं. आणि कारण काय, तर मी ओठ वाचतो! जे मला येतं त्याचाच पुरावा करून मला खोटं पाडलं होतं.

मी पुन्हा उभा राहिलो. वर्गात मी कधी बोललो नव्हतो, कारण माझा आवाज कसा येतो ते मला कळत नाही. बाळू म्हणतो, फाटका येतो, मधेच मोठा, मधेच बसका. तसाच बोललो. "सर, मी बहिरा आहे. ढोंगी नाही. तोंड दाखवून बोला. मी शिकतो."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा रुमाल तोंडावर धरला आणि त्याच्याआड काहीतरी बोलले. खोली हसून हसून हलली. काय बोलले ते मला आजतागायत माहीत नाही. बाळूला नंतर लय वेळा विचारलं. तो मान फिरवायचा.

मी पुढं गेलो. सरांचं मनगट धरलं आणि हात खाली घेतला. ओढला नाही, पिरगाळला नाही. नुसता खाली घेतला. "आता बोला," म्हणालो.

कुणी हसलं नाही. सरांचे ओठ थरथरत होते, पण त्यांवर शब्द नव्हता.

विद्यार्थ्यानं प्राध्यापकाच्या अंगाला हात लावला. कॉलेजभर झालं. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलनी आबांना बोलावलं. आबा मिलमधली पाळी संपवून तसेच आले, केसांत कापूस. दारातच चपला काढल्या. प्रिन्सिपॉल सांगत होते, सर बाजूला उभे होते. यानं सरांच्या पाया पडून माफी मागावी, मग परीक्षेचं बघू. नाहीतर नाव कमी.

"आवं साहेब, पोरगं हाय. चुकलं त्याचं," आबा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. मिलमध्ये बोलतात तसं, एकेक अक्षर मोठं करून बोलले, "पाया पड, बाबा. काय जातंय आपलं?"

इतकं स्पष्ट माझ्याशी त्या कॉलेजात कुणी बोललं नव्हतं. आणि बोललं ते हे.

"न्हाई," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं. आणि स्वतःच वाकले. माझ्या बापानं त्या माणसाच्या बुटांना हात लावून तो कपाळाला लावला. मी बघत राहिलो. पुढं होऊन त्यांना उठवायला पाहिजे होतं, पण पाय हलले नाहीत. सर आबांच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "तुम्ही नाही. त्याला सांगा."

मी वाकलो नाही. नाव गेलं.

माधवनगरच्या रस्त्यानं आबा पुढं, मी मागं. आमच्यात कुणी पाठ करून चाललं की बोलणं बंद, एवढं सरळ असतं. सबंध रस्ता त्यांनी एकदाही तोंड फिरवलं नाही. शेवटी मी पळत पुढं गेलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. त्याच्याआड ते बोलत होते की रडत होते, मला कळेना. मी त्यांचाही हात धरला आणि खाली घेतला.

रडत होते. "पडला असतास पाया तर काय झिजला असतास?" म्हणाले.

"आबा, उद्यापास्नं मी मिलमधे येतो," मी म्हणालो. "पुढल्या सालाला परत नाव घालणार. हितं न्हाई घेतलं तर साताऱ्याला जाईन. इंग्रजीच घेणार. पण पाया पडून न्हाई."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. मी विचारलंही नाही. माझं ठरलं होतं. इथून पुढं माझ्याशी बोलताना जो कुणी तोंड झाकील, त्याचा हात मी धरणार आणि खाली घेणार. सर असोत, अध्यक्ष असोत, माझा बाप असो.