रस्त्याच्या अलीकडचं झाड

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना वाचायला पुस्तक द्यावं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याने चंद्रपूरचा मे महिना पाहिलेला नसणार. इथे मेमध्ये माणूस कूलरसमोर पडून राहतो, आणि वीज गेली की कूलरलाच शिव्या घालतो. अशा दिवसांत पुस्तक वाचा, आवडलेला भाग निवडा आणि शाळा उघडली की वर्गासमोर उभं राहून सांगा, असं रुखसार मॅडमनी फर्मावलं, तेव्हा नववीच्या मुलींनी तोंडं वाकडी केली. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाला तेंदूपत्ता तोडायला जायचं होतं, कुणाला नुसतं झोपायचं होतं.

"सुट्टी देते म्हणते अन् त्यातच शाळा कोंबते," दीपाली पुटपुटली. "मॅडमनं फसवलं आपल्याले."

नंदिनीचंही तोंड वाकडंच होतं. पुस्तकाच्या कव्हरवर वाघ होता, आणि वाघ बघायला तिला पुस्तकाची गरज नव्हती. कुणा लेखकाने पेटीभर प्रती शाळेला भेट दिल्या होत्या, म्हणून सगळ्या वर्गाला हेच पुस्तक. तिने कंटाळत पहिलं पान उघडलं आणि बाकावरून ताडकन उठली. लेखकाने तिथे आभार मानले होते: मोहर्लीकडचे गाईड प्रफुल यांचे, ज्यांच्या तोंडून मी हे जंगल ऐकलं.

"हा माहा बाबा होय!" ती ओरडली.

मग काय विचारता! ज्या पुस्तकाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं त्याला एकदम भाव आला. मुली नंदिनीभोवती गोळा झाल्या. वाघ तुझ्या बाबाला ओळखतो का, असं दीपालीने विचारलं, आणि नंदिनीने ओळखतो म्हणून ठोकून दिलं. मॅडमनीसुद्धा तिच्या डोक्यावर हात ठेवला. शाळा उघडली की सगळ्यात आधी तूच बोलायचं, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. वसतिगृहातून गावी जाताना नंदिनीने ते पुस्तक पिशवीत टाकलं नाही, एसटीत सगळ्यांना दिसेल असं मांडीवर धरलं.

तिला मिरवायला दुसरं होतं तरी काय? आई नव्हती. ती पाच वर्षांची असताना आईला वाघाने मारलं होतं, पण वर्गात तिने हे कधी सांगितलं नव्हतं. आई नाही, एवढंच सांगायची. वाघाचं नाव काढलं की लोक आईला विसरतात आणि वाघ केवढा होता तेच विचारत बसतात, हे तिला फार लवकर कळलं होतं.

बाबाने तिला एकट्याने वाढवलं. वेणी घालायचा तर एक खांद्यावर आणि दुसरी कानाच्या मागे, पण ती घरी असली की घालायचा रोज. दुसरं लग्न कर म्हणणाऱ्यांना त्याने हसून वाटेला लावलं. आणि तो गोष्ट सांगायचा. सुट्टीत नंदिनी घरी आली की हमखास एक गोष्ट व्हायची, दोघांचीच, बाहेर कुणाला न सांगितलेली. त्यांचं शेत जंगलाला लागून होतं. मध्ये सफारीच्या गाड्यांचा कच्चा रस्ता. रस्त्याच्या अलीकडे शेत, पलीकडे जंगल, आणि अलीकडच्या बांधावर त्यांच्या घराचं मोहाचं झाड. त्या दिवशी पहाटे आई, गिरजा, फुलं वेचायला निघताना लेकीला म्हणाली होती, मी वेचून आणते, तू अंगणात वाळू घाल. आई आली नाही. लोकांनी तिची टोपली तेवढी घरी आणली, अर्धी भरलेली. घर माणसांनी भरलं होतं, रडारड चालली होती, आणि पाच वर्षांच्या नंदिनीने कोपऱ्यातली टोपली ओढत अंगणात नेऊन फुलं नीट पसरून वाळत घातली.

"तुह्या मायनं सांगतलं अन् तू केलं," बाबा म्हणायचा. "ते रस्त्याच्या अलीकडंच होती, आपल्या झाडाखाली. तिची काईच चूक नोती, बेटा."

या एका वाक्यावर नंदिनी मोठी झाली होती.

पुस्तक वाचायला तिने मुद्दाम दुपार निवडली. बाबा सकाळची फेरी संपवून यायचा होता, तेव्हा त्याला वाचून दाखवायचं, असा बेत होता. सुरुवातीची पानं मजेची होती. त्यात बाबा अस्सल उतरला होता. त्याचं टोपी मागे सारणं, माकडांची हाक ऐकून गाडी थांबवणं, पाहुण्यांना गप्प बसवणं, सगळं. नंदिनी एकटीच हसत होती. मग एका प्रकरणात गाडी एका वळणावर थांबली, आणि पुस्तकातल्या बाबाने बोट दाखवून एक गोष्ट सांगितली.

या इथे एक बाई मेली, तो सांगत होता. सगळे नको नको म्हणत होते, पण जास्त फुलं मिळतील म्हणून ती रस्ता ओलांडून वाघाच्या हद्दीत शिरली. वाघाने वाघाचं काम केलं. चूक बाईची, वाघाची नाही. आणि गंमत बघा साहेब, बाई मेली त्याच दिवशी तिच्या घरच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली होती!

खाली लेखकाने आपली भर घातली होती. भुकेपुढे या लोकांना रडायलाही सवड नसते, असं काहीतरी, फार सुंदर शब्दांत.

नंदिनीने ते पान पुन्हा वाचलं. मग पुस्तक उपडं घालून ती शेजारी मंगलीआत्याकडे गेली. आत्या त्या दिवशी आईबरोबर होती.

"आत्या, आई कोणत्या झाडाखाली होती?"

"आपल्याच तं. बांधावरच्या," आत्या म्हणाली. "मी बाजूलेच होती. काऊन व, आज काऊन विचारून राह्यली?"

नंदिनी तशीच घरी परतली. लेखकाचा तिला फारसा राग आला नाही. तो पाहुणा, ऐकलं ते लिहून गेला. पण आईला रस्ता ओलांडून पलीकडे नेलं होतं ते बाबाने. स्वतःच्या बोटाने, गाडीत उभं राहून, आणि कुणास ठाऊक किती पाहुण्यांसमोर. ज्याच्या जिवावर ती आजवर ताठ मानेने चालली, त्याच माणसाने तिचा घात केला होता.

प्रफुल आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. नंदिनीने ताटाशेजारी पुस्तक उघडून ठेवलं. त्याने घास हातात धरून वाचलं. वाचून झाल्यावर घास ताटात परत ठेवला.

"हे तूच सांगतलं ना?"

"नाव नाई सांगतलं मी कोणाचं," तो म्हणाला. "कोणाची बायको होती, तेही नाई."

"मंग दोष काऊन लावला तिले?"

"अवं माय, त्या वळणावर गाडी थांबते. पाहुणे विचारतेच, इथी वाघानं माणूस मारला म्हणते, खरं काय? आपल्या वावरात बसल्या बाईले मारलं म्हणून सांगतलं तं भेव वाटते त्याइले. पोट्टेसोट्टे घेऊन येते लोक. बाईची चूक होती म्हटलं का त्याइचा जीव थंड होते. मंग मजेत फोटो काढते."

"अन् तुह्या जिवाचं?"

प्रफुलने खाली बघितलं. "पहिल्या खेपेले लय जड गेलं," तो म्हणाला. "मंग सवय झाली. दुसऱ्याच कोण्या बाईचं सांगतो असं वाटाले लागलं. रोज तिथून जा लागते, नंदे. रोज रडत जाऊ काय?"

हे खरंच असेल. पण चौदा वर्षांच्या मुलीला बापाचं दुःख समजून घ्यायला सांगणं सोपं आहे. तिच्या जागी बसून बघा.

"अन् फुलाची गोष्ट?" तिने पानावर बोट ठेवलं. "ते तं आपल्या दोघाइची होती ना? ते काऊन देल्ली त्याले? गंमत म्हणून?"

इतका बोलका माणूस, जंगलातल्या पाखरापाखराची हकिकत सांगणारा, पण त्याने पुस्तक तेवढं मिटून बाजूला सारलं. नंदिनी उठली आणि तिने ताट उचलून नेलं.

सुट्टी कशीबशी सरली. बापलेक एका घरात राहून कामापुरतं बोलत होते. वेणी नंदिनी स्वतःच घालायला लागली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तो तिला एसटीवर सोडायला आला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "वर्गात तेवढं सोडून दुसरं काई सांगजो. पुस्तकात नाव हाये माहं."

म्हणजे एवढं होऊनही त्याला काळजी होती ती त्या नावाची. नंदिनीला वाटलं होतं, तो खिडकीशी आईबद्दल काहीतरी बोलायला आला. तिने काच ओढून घेतली.

वर्गात मॅडमनी ठरल्याप्रमाणे आधी तिलाच उभं केलं. ती नुसती पुस्तकाची पानं चाळत राहिली. मग दीपालीच उतावीळपणे उठली. "मॅडम, मले ते वळणावरच्या बाईची गोष्ट आवडली! लालची होती ते. सगळे नाई म्हणत होते तरी गेली. वाघाची काय चूक?" वर्गाने माना डोलावल्या. बहुतेकींना तेच प्रकरण आवडलं होतं. फुलं वाळत घालणारे लोक किती दगडाच्या काळजाचे, असंही कुणीतरी म्हणालं.

दीपाली दुष्ट नव्हती. पुस्तकात लिहिलं होतं तेच ती बोलत होती. नंदिनी उभीच होती. आता गप्प बसलं तर बाबाचं नाव राहणार होतं, आणि बोललं तर आई रस्त्याच्या अलीकडे परत येणार होती. दोन्ही होण्यासारखं नव्हतं. एकच पदरात पडणार होतं.

"ते बाई पलीकडं गेलीच नोती," ती म्हणाली. "आपल्या वावरात होती. आपल्या झाडाखाली. अन् फुलं तिच्या पोरीनं वाळू घातली, मायनं सांगून ठेवलं होतं म्हणून. गाईड खोटं बोलला, मॅडम."

"गाईड म्हणजे..." रुखसार मॅडम गोंधळल्या. "तुझे बाबाच ना, बेटा?"

"हो."

"मग तुला कसं माहीत?"

"ते माही आई होती," नंदिनी म्हणाली. "पोरगी मी होय."

दीपाली मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मॅडमनी नंदिनीला जवळ घेतलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला फक्त फार थकल्यासारखं वाटत होतं.

रविवारी वसतिगृहाच्या फोनवर प्रफुलचा फोन आला. एरवी ती 'बाबा' म्हणूनच फोन घ्यायची. आज नुसतं 'बोल' म्हणाली.

"सांगतलं काय?" त्याने विचारलं.

"सांगतलं."

मग तो म्हणाला, "मंग आता मी त्या वळणावर काय सांगू, नंदे?"

"काईच नोको सांगू," ती म्हणाली. "तिथी गाडीच नोको थांबवू."

मागे फोनसाठी मुलींची रांग लागली होती. नंदिनीने फोन पुढच्या मुलीच्या हातात दिला आणि ती जेवायला गेली.