तारांची चाकं की पत्र्याची

आमच्याकडे मोटार आली ती बिनचाकांची. चौक गावाजवळच्या एका बंगल्यात म्हातारे पारशी गृहस्थ राहत. त्यांच्या पंपाची दुरुस्ती आमचे हे करत. त्या बंगल्याच्या शेडमध्ये दोन माणसांपुरती, वर टप नसलेली हिरवी स्पोर्ट्‌स गाडी कित्येक वर्षं विटांवर उभी होती. एक दिवस ते गृहस्थ यांना म्हणाले, "मी काय आता चालवत नाय. तू चालू कर, घेऊन जा."

माझे थोरले दीर पुण्याच्या रस्त्यावर ट्रक चालवत. त्यांनी ट्रकात घालून गाडी लोधिवलीला आमच्या अंगणात आणली. तिच्यासोबत चाकांचे दोन संच आले, आणि दोघा भावांचा वाद तिथूनच सुरू झाला.

गाडीच्या कंपनीनं गिऱ्हाइकाला निवडायला दोन्ही तऱ्हेची चाकं ठेवली होती, पण ती स्वतः चाकं करत नसे. पत्र्याची एका कारखान्यातून यायची, तारांची दुसऱ्यातून. दोन्ही कारखान्यांची नावं चाकांच्या आतल्या अंगाला उठवलेली होती. पत्र्याचं चाक जड, गुळगुळीत, चार नटांनी बसणारं. तारांचं चाक सायकलच्या चाकासारखं, पण तारा दाट, एकमेकींत तिरक्या विणलेल्या. मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट. तो तांब्याच्या हातोडीनं ठोकून बसवायचा. चाक ज्यावर बसतं ते हबही दोन्हींचे वेगळे, त्यामुळे आज हे लावलं, उद्या ते, असं चालणार नव्हतं.

"हेच नाव माझ्या ट्रकच्या रिंगवर हाय," पत्र्याच्या चाकावर हात ठेवून दीर म्हणाले. "घाटात कदी दगा दिला नाय."

"आपल्याला काय पोती वाहायचीत?" हे म्हणाले. "तारांचं उचलून तर बघ. शर्यतीच्या गाड्यांना हीच असतात."

मला विचारलं तेव्हा मी पत्र्याची म्हणाले. तारांचं एक चाक राखेनं घासायला मला अख्खी सकाळ लागली होती. प्रत्येक तारेच्या मागं बोट घालावं लागे. आणखी तीन तशीच पडली होती.

थोरल्यांचा मान म्हणून आधी पत्र्याची बसवली. खोपोलीच्या कारखान्यातून फिटरची पाळी संपवून आले की हे इंजिनाशी झटत. एका रविवारी गाडी सुरू झाली. पहिल्या फेरीला सासूबाई बसल्या. त्यांना कळंबला माहेरी जायचं होतं. भावाच्या घरी गाभण म्हैस आटली होती, म्हणून त्यांनी मांडीवर दुधाची पितळी चरवी घेतली. चालवायला अर्थात थोरले दीर.

संध्याकाळी परतल्या तेव्हा लुगड्याचा पुढचा भाग कडक झाला होता आणि वास येत होता. "अर्धं दूध भावानं पेलं, अर्धं माज्या लुगड्यानं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसत सुटल्या.

यांना तेवढं पुरलं. पत्र्याची चाकं धक्के देतात हे सिद्ध झालं म्हणून त्यांनी पुढचे दोन रविवार हब बदलण्यात घालवले. तारांची चाकं लागली आणि हे गाडी घेऊन अंगणातून निघाले, तेव्हा उन्हात चाकं फिरताना आरपार पलीकडची भिंत दिसत होती. मी पदरानं हात पुसायचे विसरून बघत उभी राहिले. शेजारपाजारचे लोकही बाहेर आले होते. सासूबाईंच्या मांडीवर तीच चरवी, तशीच काठोकाठ भरलेली.

या खेपेला दूध थेंबभरही सांडलं नाही. यांनी अंगणात उतरताच भावाला आईचं कोरडं लुगडं दाखवलं. "बघ. कारखान्या-कारखान्यात फरक असतो."

मग सासूबाई ओट्यावर टेकून म्हणाल्या, "चाकाचं मला नाय कळत रं. पन थोरला मला ट्रकातल्या पोत्यावानी नेतो. आन् हा खड्डा दिसला की गाडी थांबवतो, खाली उतरतो, चाकाकडं बघतो, तारा मोजतो, मग पुडं काढतो. कळंबला जाईस्तवर दुपार झाली. दूध सांडंल कसं?"

दीरांना इतकं हसू आलं की ते ओट्यावर बसलेच. हेही ओशाळून हसले.

"मग आई, ठेवायची कुठली?" दीरांनी विचारलं.

"तारांची ऱ्हाऊ दे. ती हायेत तवर ह्यो हळू हाकंल."

निकाल लागला. पत्र्याची चाकं गोठ्याच्या माळ्यावर गेली. पुढच्या आठवड्यात माझी पाळी आली. आम्ही दोघं कर्जतवरून कशेळ्याच्या बाजाराला गेलो. वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून बराच वेळ आम्ही नुसते हसत होतो. बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईनं चाकाला हात लावून विचारलं, "गं बाय, हे विणलंय कुनी?" मला तो प्रश्न फार आवडला. मी म्हणाले, विलायतेत कुणीतरी.

तारा मधूनमधून सैल पडत. तेव्हा गाडी टकटक वाजे. रस्त्यावरून घरी आलेले दीर हात-पाय धुवून चमचा मागून घेत आणि चाकापाशी उकिडवे बसत. एकेका तारेवर चमचा मारायचा, टण् वाजली तर पुढची, ठक् वाजली तर आवळायची. हे मदतीला गेले तर त्यांना हातानं बाजूला सारून म्हणत, "थांब, ऐकू दे."